ट्रकचा कॅम्पर करायचाय: गाडी कुठली घ्यावी, पासिंग कसं होतं, इन्शुरन्स कोण देतं?

सांगलीचा_भटक्या

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. घरात आम्ही पाच माणसं, त्यात आई सत्तरीच्या पुढची, तिला हॉटेलचे जिने आणि तिथले संडास जमत नाहीत आणि आम्हाला फिरल्याशिवाय करमत नाही, त्यामुळं एक ट्रकच घ्यावा आणि त्याचं फिरतं घर करावं असं डोक्यात बसलंय. मिरजेत एका ट्रान्सपोर्टवाल्याकडं सतरा फुटी आयशर बघून ठेवलीय, २०१८ मॉडेल, बीएस फोर, मागं बंद कंटेनर बॉडी, टायर बरे आहेत. आत मागच्या बाजूला आडवा पलंग, मधे ओटा, कोपऱ्यात संडास-बाथरूम आणि पोरांसाठी वर बंक असा नकाशा काढलाय.

आता मुद्द्याचं. ट्रकचं पिवळ्या पाटीचं पासिंग आहे तेच ठेवून आत फक्त फर्निचर केलं तर कुणी विचारतंय का? का कॅम्पर म्हणून पांढऱ्या पाटीवर घेता येतं? इथला एजंट म्हणतो "माझ्यावर सोडा, करून देतो", पण काय करून देणार ते सांगत नाही. इन्शुरन्सवाला म्हणतो आधी आरसी दाखवा, आरटीओत गेलो तर ते म्हणतात आधी गाडी दाखवा. आणि माझ्याकडं साधं कारचं लायसन आहे, त्यावर ही चालेल का? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा, व्हिडिओ मी पुष्कळ बघितलेत.

चासीवाला_भोसरी

टोकन दिलं नसेल तर देऊ नका, आधी हे वाचा. मी बस बॉडीच्या लाइनीत आहे, तुमच्यासारखे लोक महिन्याला एकदोन तरी येतात आणि निम्मे जण ट्रक घेऊनच येतात, मग सांगायला जीवावर येतं.

भानगड कलम ५२ ची आहे. मोटार वाहन कायदा १९८८. कंपनीने गाडी जशी दिली आणि आरसीत जसं लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी मालकाने करायची नाही, एवढा सरळ अर्थ. आधी काही राज्यांत आरटीओ आपापल्या अखत्यारीत बदल मंजूर करायचे, पण जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की मूळ कंपनीच्या स्पेसिफिकेशनला सोडून केलेला बदल चालणार नाही, तेव्हापासून सगळे साहेब लोक जपून सही करतात. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत १८२ए आलं, त्यात बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे नीट वाचा. खिडकी एक बदल, संडास दुसरा, सीट तिसरा, असं मोजायला कुणी बसलं तर मोजू शकतो.

कॅम्पर नावाचा प्रकार कायद्यात नाही असं मात्र नाही. केंद्राची ५ नोव्हेंबर २००४ ची अधिसूचना आहे, गाड्यांच्या प्रकारांची. त्यात कॅम्पर व्हॅन ट्रान्सपोर्टच्या यादीतही आहे आणि खाजगी वापराची असेल तर नॉन-ट्रान्सपोर्टच्या यादीतही आहे. म्हणजे पांढरी पाटी मिळते. पण ती मिळवायला गाडी एआयएस १२४ या स्टँडर्डप्रमाणे पास झालेली लागते, मोटर कॅराव्हॅनचं स्टँडर्ड आहे ते. बसायची सीट आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामानाची कपाटं, हे सगळं आत पाहिजे आणि पक्कं बसवलेलं पाहिजे, टेबल तेवढं काढता येणारं चालतं. गादी टाकली आणि शेगडी ठेवली म्हणजे कॅम्पर होत नाही.

आणि खरी अडचण पुढेच आहे. मालाची गाडी एन कॅटेगरीत अप्रूव्ह झालेली असते, माणसांची एम मध्ये. कॅराव्हॅन एम मध्ये येते. तुमचा आयशर जन्मापासून एन. त्याचं एम करायचं म्हणजे ब्रेक, सीटची पकड, बेल्ट, सगळ्याचं अप्रूव्हल नव्याने, एका गाडीसाठी टेस्टिंगचा खर्च कुणाला परवडत नाही. टेस्टिंग एजन्सी तुमच्यापासून लांब नाहीत, एआरएआय आणि सीआयआरटी दोन्ही पुण्यातच, पण तिथे कंपन्या जातात, तुमच्या आमच्यासारखी एकटी माणसं नाही.

म्हणून ट्रक नको, बसची चासी घ्या. नवीन काऊल चासी येते, म्हणजे पुढचं तोंड, इंजिन, गिअर, चाकं आणि उघडा सांगाडा. ती मुळातच माणसांच्या गाडीसाठी अप्रूव्ह असते. त्यावर ज्याच्याकडे कॅराव्हॅनचं टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या नमुन्याच्या गाडीला टेस्टिंग एजन्सीची मंजुरी, आधीच आहे अशा बॉडी बिल्डरकडून बॉडी बांधून घ्यायची, आतला नकाशा त्याच्या अप्रूव्हलच्या चौकटीत बसवायचा, थोडंफार इकडे तिकडे होतं. चासीला टेम्पररी रजिस्ट्रेशन मिळतं, बॉडी झाली की पक्कं पासिंग. केरळने २०२१ मध्ये कॅराव्हॅन टुरिझम सुरू केलं तेव्हा भारतबेंझची १०१७ चासीवरची मोठी कॅराव्हॅन आली होती, ती बघा नेटवर, हा मार्ग मोठ्या गाडीलाही चालतो हे कळेल. लहानात फोर्स ट्रॅव्हलरच्या चासीवर बऱ्याच होतात.

अजून एक, हे कागदाचं नाही, कंबरेचं आहे. ट्रकचे पाटे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, पाच-सहा टन मालासाठी बनवलेले. तुमचं फर्निचर, पाणी, माणसं मिळून दोन टनही भरत नाहीत, मग गाडी अशी उडते की आईंना मागे झोपवून सांगली ते कराडसुद्धा नेता येणार नाही. पाटे काढून मऊ करू म्हणाल तर तो परत बदल झाला. बसच्या चासीचे पाटे माणसांच्या हिशोबाने लावलेले असतात आणि फ्रेमही खाली असते, पायऱ्या कमी होतात.

निवांत_नाना

एवढ्या पैशात दरवर्षी सगळं खानदान हॉटेलात राहून येईल आणि तरी उरतील. तळमजल्याची खोली मागायची, मिळते.

सांगलीचा_भटक्या

नाना, तळमजल्याची खोली मिळते पण कमोड स्वच्छ असेलच ह्याची गॅरंटी मिळत नाही, आमची सगळी फिरणी तिथंच अडतात. 😄

चासीवाले दादा, टोकन दिलेलं नाही, देवाची कृपा. पण एक शंका राहतीच. पांढऱ्या पाटीचा नाद सोडला, ट्रक मालवाहूच ठेवला आणि आत सामान म्हणून पलंग नेला, तर? आमच्या गावात एकाने तसं केलंय, दोन वेळा गोव्याला जाऊन आला.

दावा_सर्व्हेअर

ह्याचं उत्तर मी देतो, कारण माझं कामच गाडी ठोकल्यानंतर सुरू होतं.

दोनदा जाऊन आला ह्याचा अर्थ दोनदा काही झालं नाही, एवढाच. मालाच्या गाडीत मागच्या डब्यात माणसं बसवली की इन्शुरन्सच्या भाषेत ती फुकटचे प्रवासी. २००२ सालच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून हे पक्कं झालंय की मालवाहू गाडीत अशा बसलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. म्हणजे मागे तुमची पोरं आणि आई, आणि अपघात झाला तर भरपाईचा बोजा गाडीमालकावर, म्हणजे तुमच्यावरच. केबिनमध्ये जेवढ्या सीट आरसीत लिहिल्यात तेवढेच. त्यामुळे हा विचार डोक्यातून काढाच.

आता कॅम्पर म्हणून पासिंग झालं असं धरून विम्याचं सांगतो. एजंटला फोन केला की तो कारचा कोटेशनचा फॉर्म उघडतो, त्यात तुमची गाडी सापडत नाही, मग तो जवळचं काहीतरी निवडून पॉलिसी काढून देतो. तिथेच घोळ होतो. पॉलिसीवर गाडीचा वर्ग आणि वापर आरसीशी शब्दाला शब्द जुळला पाहिजे. बऱ्याचदा अशा गाड्या मिसलेनियस म्हणजे 'मिस-डी' मध्ये घालतात, ऑनलाइन होत नाही, कंपनीच्या शाखेत जाऊन अंडररायटरकडून करून घ्यावी लागते, गाडीची तपासणी होते. सरकारी कंपन्यांच्या शाखेत हे काम जरा हळू होतं पण होतं. माझ्या मते मोबाइलवर पाच मिनिटांत निघालेल्या पॉलिसीपेक्षा आठ दिवस लागलेली बरी.

आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, नीट बघा. चासी, बॉडी आणि आतलं बसवलेलं काम हे तिन्ही धरून किंमत लावून घ्यायची, त्यासाठी बॉडी बिल्डरचं जीएसटीचं पक्कं बिल लागतं. सुताराला रोख दिलेले पैसे विम्याच्या दृष्टीने खर्च झालेच नाहीत. बॅटरी, इन्व्हर्टर, एसी, सोलर हे कंपनीच्या किंमतीत नसेल तर इलेक्ट्रिकल फिटिंग म्हणून वेगळं जाहीर करायचं, जुन्या टॅरिफप्रमाणे त्या किंमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम, आयएमटी २४ म्हणतात त्याला. घसाऱ्याची जुनी पद्धत आहे, पहिल्या वर्षाच्या आत १५ टक्के, दुसऱ्यात २०, मग ३०, ४० आणि पाच वर्षांना ५०. पाच वर्षांनंतर किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, तेव्हा फोटो आणि बिलं जपून ठेवलेली असतील तर तुमचं म्हणणं टिकतं. आतले कपडे, लॅपटॉप, भांडी ह्याला मोटर पॉलिसीत काही मिळत नाही.

नुसती थर्ड पार्टी काढून बसू नका, पॅकेज पॉलिसी घ्या, आतल्या माणसांचा प्रश्न आहे. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा लागतोच, बाकीच्यांसाठी प्रवासी कव्हर वाढवून मागा, फार पैसे नसतात. आणि भाड्याने देणार असाल तर आत्ताच ठरवा. खाजगी पाटीवर एकदा जरी मित्राला पैसे घेऊन दिली आणि ते चौकशीत निघालं तर 'वापराची मर्यादा' ह्या कलमाखाली दावा गेला.

लायसनचं. एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीचं लायसन, तुमचं कारचं तेच, त्याची मर्यादा ७५०० किलो. ट्रान्सपोर्ट गाडी असेल तर ते वजन मालासकट म्हणजे जीव्हीडब्ल्यू धरतात, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की ७५०० च्या आतल्या ट्रान्सपोर्ट गाडीला एलएमव्ही लायसन पुरतं, वेगळा शिक्का नको. खाजगी गाडीला, ड्रायव्हर सोडून सहापेक्षा जास्त माणसांची नसेल तर, रिकाम्या गाडीचं वजन धरतात. तुम्ही पाचच जण आहात, सीट तेवढ्याच ठेवा, सहाच्या वर गेलात की ती ऑम्निबस होते आणि सगळे नियम बदलतात. पण रिकामं वजन म्हणजे आत पक्कं बसवलेलं सगळं धरून, त्यामुळे बॉडी झाल्यावर वजनकाट्यावर नेऊन पावती घ्या. काठावर असेल तर मी तर सरळ हेवी लायसन काढा म्हणेन. एलएमव्हीला एक वर्ष झालेलं असलं की ट्रान्सपोर्टचं शिकाऊ मिळतं, ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट लागतं. कोर्टात वकिलाने 'किलो'वरून वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त.

देवरूखची_ताई

आमच्याकडे ट्रॅव्हलरच्या चासीवरची आहे, पासिंग कॅम्पर व्हॅनचंच, त्यामुळे कागदाचं वरच्या दोघांनी सांगितलंय ते बरोबर आहे. मी गाडीच्या मापाचं सांगते, कारण सगळे इंजिन विचारतात आणि माप कुणी विचारत नाही.

लांबीपेक्षा उंची त्रास देते. आरसीत लिहिलेली उंची असते ती एसी आणि सोलर लावायच्या आधीची, नंतर टेपने परत मोजा आणि तो आकडा ड्रायव्हरच्या समोर काचेवर चिकटवा. कोकणात गावात शिरलात की फणसाच्या फांद्या, लोंबणाऱ्या वायरी, रेल्वेखालचे बोगदे, आणि गावाच्या तोंडाशी डंपर अडवायला लावलेले लोखंडी आडवे बार. सतरा फुटी घेऊन तुम्ही हायवेवर राजासारखे जाल, आणि समुद्र दिसतो तिथून दोन किलोमीटर अलीकडे गाडी लावून रिक्षा शोधाल. घाटांचंही तेच, वरंधासारखा घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो आणि उघडतात तेव्हा जड गाड्यांना शेवटी. चौदा फुटी मापाची बॉडी पाच जणांना पुरते, आई खाली, तुम्ही मागे, पोरं वर.

गॅस सिलिंडर आत ठेवू नका बाई, घरचा तर अजिबात नको. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली जमिनीवर साचतो आणि कॅम्परमध्ये आपण खालीच झोपतो. आम्ही इंडक्शन वापरतो, लिथियम बॅटरीवर सकाळचा चहा-पोहे आणि रात्रीचा भात-आमटी निघते, पोळ्या जाताना ढाब्यावरून. ज्यांना गॅस हवाच आहे त्यांनी बाहेरून उघडणारा वेगळा कप्पा करून त्याच्या तळाला भोक ठेवून घ्यावं, बिल्डरला माहीत असतं.

पाण्याची टाकी दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, ती मागच्या चाकाच्या मागे टाकू नका, दोन्ही चाकांच्या मध्ये टाका. संडासाला कॅसेटचा प्रकार घ्या, पेटी ओढून काढायची आणि पेट्रोल पंपाच्या संडासात रिकामी करायची, खाली मोठी टाकी बसवली की ती रिकामी कुठे करायची हा प्रश्न आपल्याकडे सुटत नाही. तुमच्या आईंसाठी दाराला बाहेर सरकणारी पायरी आणि कमोडच्या दोन्ही बाजूंना दांडी, हे नकाशातच घाला, नंतर लावताना पॅनलला पकड मिळत नाही. आणि आई चालत्या गाडीत झोपून येणार असं मनात असेल तर ते काढा, चालताना सीटवर बेल्ट लावूनच.

रांगडा_२२

माझी पण एक शंका मधेच. आर्मी डिस्पोजलचा लेलँड स्टॅलियन घेतला तर? फोर बाय फोर, लडाखला काय जाईल राव. लिलावात स्वस्त मिळतात म्हणे.

चासीवाला_भोसरी

मिळतात, लिलाव एमएसटीसी ह्या सरकारी कंपनीच्या साइटवर होतात, बघायला मजा येते. मिलिटरी लिलावाच्या गाडीला संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने दिलेलं फॉर्म २१, म्हणजे विक्रीचं सर्टिफिकेट, लागतं, त्याशिवाय आरटीओ हात लावत नाही. बऱ्याच गाड्या भंगार म्हणूनच विकतात, त्या रस्त्यावर आणायच्याच नसतात, लिलावाच्या अटीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आणि समजा रजिस्टर झाली, तरी ती परत मालाचीच गाडी, एन कॅटेगरी, वर सांगितलेलं सगळं जसंच्या तसं. शेतावर ठेवून पोरांना खेळायला मस्त.

सांगलीकर, तुमच्या बीएस फोरबद्दल बोलायचं राहिलं होतं. जुनी गाडी साधी, धूर साफ करायला युरिया नको, डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी जाळी नको, आडबाजूला कुठलाही मेकॅनिक खोलतो, हे खरं आहे आणि मला स्वतःला त्यासाठी बीएस फोर आवडते. पण दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचं भांडण २०१५ पासून चालू आहे, हिमाचल-उत्तराखंडला वर जायचं तर वाटेत तेच लागतं. नवीन बीएस सिक्स चासी घेतलीत तर युरियाचा कॅन बरोबर ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी हायवेला जरा ताणून चालवा, नाहीतर डीपीएफ चोंदतो. कॅम्परवाल्यांची गाडी महिना महिना उभी असते, त्यांना हा त्रास जास्त.

सांगलीचा_भटक्या

सगळ्यांचे आभार. मिरजेच्या ट्रान्सपोर्टवाल्याला नको म्हणून कळवलं, तो म्हणाला "मग पोल्ट्रीवाल्याला देतो". आता बसच्या चासीचा विचार करतोय, ७५०० च्या आत बसणारी, चौदा फुटाच्या मापात. बॉडी बिल्डरकडं गेल्यावर नेमकं काय मागायचं? टोलचं पण कुणीतरी सांगा, वर्षाचा तीन हजारवाला पास चालतो का ह्याला?

चासीवाला_भोसरी

बिल्डरकडे गेल्या गेल्या डिझाइनची पुस्तिका बघू नका. कॅराव्हॅनच्या टाइप अप्रूव्हल सर्टिफिकेटची झेरॉक्स मागा, त्यावर तुमच्या चासीचं नाव आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, लिहिलेला आहे का ते बघा. दुसऱ्या चासीचं सर्टिफिकेट दाखवून "तेच चालतं" म्हणाला की चहा पिऊन उठा. मग त्याने आधी पास करून घेतलेल्या एका गाडीची आरसी मागा, नाव-पत्ता झाकून दे म्हणावं, 'व्हेइकल क्लास' ह्या रकान्यात काय लिहिलंय तेवढंच बघायचंय. तिथे कॅम्पर व्हॅन किंवा मोटर कॅराव्हॅन असेल तर माणूस कामाचा. तोच कागद घेऊन सांगलीच्या आरटीओत जा आणि टॅक्स कुठल्या दराने लावणार ते चासी बुक करायच्या आधी लेखी विचारा, तोंडी नको. पैसे हप्त्यात द्या, शेवटचा हप्ता पासिंग झाल्यावर, हे करारात घाला, कितीही ओळखीचा असला तरी.

दावा_सर्व्हेअर

आणि तो आरसीचा रकाना बघाल तेव्हा त्याचा फोटो काढून मला नाही तर तुमच्या विमा शाखेत दाखवा, चासी घ्यायच्या आधीच तोंडी का होईना अंदाज मिळेल की ते कुठल्या वर्गात घेणार.

टोलचा वर्षाचा पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा तीन हजारांचा होता, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, पण तो खाजगी कार-जीप-व्हॅनसाठी. फास्टॅगचा वर्ग 'वाहन' ह्या सरकारी गाडी-नोंदणीच्या पोर्टलवरच्या नोंदीवरून ठरतो, त्यामुळे मिनीबस किंवा एलसीव्हीचा, म्हणजे हलक्या व्यापारी गाडीचा, टोल लागेल असं धरूनच बजेट करा. टॅग घेताना बँकेने चुकून कारचा वर्ग टाकला तर खूश होऊ नका, नाक्यावर गाडी बघून टॅग काळ्या यादीत टाकतात आणि मग भर दुपारी लाइनीत उभं राहून जादा पैसे भरावे लागतात.

देवरूखची_ताई

ह्यांची गाडी होईपर्यंत वर्ष जाईल, तोवर आईंना घेऊन एकदा भाड्याच्या कॅराव्हॅनमधून दोन रात्री काढून या. पायरी किती उंच हवी, कमोडची दांडी कुठल्या हाताला, रात्री उठताना कुठे धडपडतात, हे नकाशावर कळत नाही. मेझरिंग टेप बरोबर न्या.